मामांच्या नावानं जेवताना

आखजीच्या दिवशी मला पित्तर म्हणून जेवायला बसायचं होतं, आणि त्याच दिवशी सकाळी साडेआठला पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर मी एक प्लेट तर्री-पोहे खाऊन मोकळा झालो. वरून एक वाटी तर्री, म्हणजे तो लाल तिखट रस्सा, आणखी मागून घेतली.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीच्या घड्यात पाणी भरायचं, पुरणपोळी-आमरसाचा स्वयंपाक करायचा आणि त्या माणसाच्या जागी एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं. हा जो जिता माणूस, तो त्या दिवसापुरता पित्तर. पित्तराला काम म्हणाल तर काहीच नाही. उपाशी पोटी यायचं, पाय धुऊन घ्यायचे, वाढलेलं जेवायचं. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात काही टाकत नाही. म्हणजे नियम एकच, आणि तोही काही न करण्याचा. तेवढाही मला जमला नाही.

कसा जमला नाही तेही सांगतो, कारण त्यात दोष माझ्या छंदाचा आहे. मी पांढुर्ण्यात शाळामास्तर. शिवाय नागपूरच्या एका पेपरच्या रविवारच्या पानात पंधरा दिवसांतून एकदा लिहितो. जगावं कसं, मन शांत कसं ठेवावं, अशा विषयांवर. गावात मला सर म्हणतात आणि नातेवाइकांत लेखक म्हणतात. दोन्हींपैकी टोमणा कोणता हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तर त्या सकाळी सौंसरच्या बसची वाट पाहत मी पुढच्या लेखाचा विचार करत उभा होतो. विषय होता, जेवताना जेवणाचं भान. पहिलं वाक्य मनात आलंही होतं, की समोरच्या घासाशिवाय दुसरं काही मनात नसणं हीच खरी प्रार्थना. वाक्य चांगलं जमलं म्हणून मी स्वतःवर खूश होऊन खाली पाहिलं, तर हातात रिकामी प्लेट. पोहेवाला विचारत होता, "सर, अजून देऊ का?"

बायको सोबत असती तर हे झालं नसतं. ती आदल्या दिवशीच मामींकडे पुरण वाटायला गेली होती. तिचं माहेर सावरगावचं, म्हणजे जाम नदीच्या पल्याडचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार. आमच्या घरात ती बाराही महिने असते. फक्त गोटे एकाच बाजूनं येतात.

ज्यांच्या नावानं मला जेवायचं होतं ते माझे सख्खे मामा. सौंसरजवळ बोरगावला त्यांचा संत्र्याचा बगीचा, आणि बगीच्याला लागूनच घर. गेल्या हिवाळ्यात, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी संपत आली असताना, ते गेले. ही त्यांची पहिली आखजी. पहिल्या आखजीला गेलेला माणूस पितरांत जाऊन मिळतो असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे त्या वर्षीच्या पित्तराला मान जास्त आणि जबाबदारीही जास्त. त्यात मी भाचा. आमच्या भागात मामा कितीही म्हातारा असो, तो भाच्याच्या पाया पडतो. मामा माझ्या पाया पडायला वाकले की मी संकोचानं मागे सरकायचो. मग ते म्हणायचे, "एका जागी उभा राय ना बे. मले बगीच्यात जाचं हाये."

मामींचा फोन चार दिवस आधी आला होता. "भाचेबुवा, आखजीले तुमालेच बसा लागते. उपाशी या." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आता इथे आणखी एक जुनं प्रकरण सांगावं लागेल. मामांच्या तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, चार शब्द लिहून वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. घरात लेखक असला की हे काम दुसऱ्या कोणाकडे जात नाही, आणि खरं सांगतो, गेलं असतं तर मला रागच आला असता. मी एका तासात लिहून काढलं. चोवीस वर्षं मी शाळेच्या फळ्यावर आजचा सुविचार लिहितो आहे. त्या सवयीनं माझा हात असा बिघडलाय की कोणत्याही माणसाबद्दल लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीला त्याचा सुविचार होतो. मामांचाही झाला. मी लिहिलं, "मामांना कधी कोणी घाईत पाहिलं नाही. ते ताटावर बसले की जणू ध्यानाला बसले. प्रत्येक घासाला ते प्रसाद मानत." वाचताना माझाच आवाज भरून आला. लोकांनी माना डोलावल्या. मामेभावाला तर ते इतकं आवडलं की त्यानं त्या कागदाचं लॅमिनेशन करून, फ्रेम बसवून, मामांच्या फोटोखाली टांगलं.

यातलं एक वाक्यही खरं नव्हतं.

मामांनी पूर्ण ताट संपवलेलं त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. बगीच्यात पाण्याच्या मोटरीची लाईन, म्हणजे वीज, ठरल्या पाळीनं येते, पण ती पाळी ठरवणारा कोण आणि तो झोपतो कधी हे कोणालाच माहीत नाही. म्हणून मामांनी बगीच्यातल्या झोपडीवर एक लाल बल्ब लावून ठेवला होता. लाईन आली की तो पेटायचा आणि घराच्या दारातून दिसायचा. मामा जेवायला नेहमी दाराकडे तोंड करून बसत. बल्ब पेटला की हातातला घास ताटात टाकून उठत, पायजम्याला हात पुसत आणि चालू लागत. लहानपणी आम्ही सुट्टीत तिथे असलो की मामा उठले रे उठले, त्यांच्या ताटातली भजी पळवायचो. म्हणजे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ध्यान आणि प्रसाद लिहिलं, कारण ऐकायला ते बरं वाटत होतं आणि मजकुराला शेवट चांगला मिळत होता. पुढे तोच मजकूर थोडा फिरवून मी पेपरातही छापून आणला.

तेरवीला मामी काही बोलल्या नाहीत. मी समजलो, आवडलं. लिहिणाऱ्याला दुसऱ्याचं गप्प राहणं नेहमी पसंतीसारखंच वाटतं.

बोरगावला पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते आणि ऊन मी म्हणत होतं. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पित्तराचे पाय दारातच धुवायचे असतात. तिनं माझ्या पायांकडे पाहिलंच नाही, खिशाकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"काय आहे?"

"तर्री आहे."

मी खिशाकडे पाहिलं. होती.

"थोडेसेच खाल्ले," मी म्हटलं.

"थोडेसे म्हणजे?"

"एक प्लेट." ती बघतच राहिली, म्हणून मी पुढचंही सांगून टाकलं. "वरून एक वाटी."

"वरचं मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आता आत जाऊन मामींना सांगा."

"सांगतो ना."

"कधी?"

"जेवण झालं की सांगतो."

"मग सांगून काय लोणचं घालायचं?"

मी तिला हळू आवाजात समजावू लागलो, की उपास हा खरा मनाचा असतो, पोट हे केवळ निमित्त आहे. माझं वाक्य तिनं पुरं होऊ दिलं नाही.

"हे पेपरात लिहा," ती म्हणाली. "पाय पुढे करा."

आत मामींनी पाट मांडला होता. दाराकडे तोंड येईल असाच. दाराच्या बाजूच्या भिंतीवर मामांचा फोटो, आणि त्याखाली माझी फ्रेम. म्हणजे मान वर केली की मला मीच दिसणार. पाण्यानं भरलेला घडा गव्हाच्या राशीवर ठेवलेला, त्यावर आंबा. गोवरीच्या विस्तवावर मामींनी तुपाचा घास टाकला, धूर निघाला, त्यांनी हात जोडले. मग मला गंध लावलं, नमस्कार केला आणि ताट आणून ठेवलं. पुरणपोळ्या, आमरस, कढी, वडे, भजी, कुरड्या, भात. ताटाचा काठ कुठेच दिसत नव्हता.

मामी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, बारीक, कमरेत जराशा वाकलेल्या. म्हणाल्या, "आज उठाचं नाई."

"कोण उठून राहिलं, मामी?"

"नाई, पयलेच सांगून ठेवते. बेचाळीस वर्स झाले, या मानसानं माह्या हातचं ताट पुरं केलं नाई. अर्धं टाकून पयाले. आज पयली आखजी हाये. एक डाव पुरं जेवून जाऊ द्या त्याईले. मंग जाओत कुठी जाचं तं."

हे त्या रडून वगैरे बोलल्या नाहीत. संत्र्याच्या पेट्या मोजून घ्याव्यात तशा आवाजात बोलल्या. मी विधी म्हणून आलो होतो, त्यातही पोट भरून आलो होतो, आणि या बाईनं त्या ताटावर आपलं बेचाळीस वर्षांचं गाऱ्हाणं वाढून ठेवलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोचंही डोळ्यांनी तेच म्हणणं होतं. मी पहिला घास घेतला.

पहिली पोळी गेली. आमरसाची वाटी गेली. दुसऱ्या पोळीच्या मध्यावर पोह्यांनी खालून आपण असल्याचं कळवलं. बायकोला माझी दया आली असावी. ती वाढताना पोळीचा लहानसा तुकडाच ठेवू लागली.

"सूनबाई, हात आखडता काऊन घेऊन राहिली?" मामी म्हणाल्या. "पित्तर हायेत ते."

बायकोनं अख्खी पोळी ठेवली आणि वर तूप घातलं.

मामेभाऊ आमरसाचं भांडं घेऊन माझ्या डाव्या बाजूला उभा होता. तेवढ्यात दारातून झोपडीवरचा बल्ब पेटलेला दिसला. मोटरीला आता ऑटो स्टार्टर आहे, ती आपली आपण सुरू होते. तरी त्यानं भांडं खाली ठेवलं, "आलोच" म्हणाला आणि चपला घालायचीही वाट न पाहता निघून गेला.

"ऑटोवर भरोसा नाई त्याचा," मामी दाराकडे बघत म्हणाल्या. "बापाचाही कोनावर नव्हता."

आणि इथे मला एक अशी कल्पना सुचली की तिची आजही लाज वाटते. मामा असते तर आत्ता उठले असते. मग मामांच्या जागी बसलेला मी उठलो तर ते खोटं कसं? उलट तेच जास्त खरं. पोटही वाचेल. मी एक गुडघा वर घेतलासुद्धा. शास्त्राचा आधार शोधण्यात पोट भरलेला माणूस फार हुशार असतो.

"बसा," मामी म्हणाल्या.

मी गुडघा खाली घेतला. आणि मग, का कोण जाणे, आता यापुढे एक घासही खोटा जाणार नाही असं झालं. म्हटलं, "मामी, मी सकाळी पोहे खाऊन आलो."

बायकोच्या हातातली तुपाची वाटी तिथेच थांबली.

"कुठी?" मामींनी विचारलं.

"बसस्टँडवर."

"तर्री घालून?"

"हाव."

मामी भिंतीला हात लावत हळूहळू खाली बसल्या, माझ्या ताटासमोर. रागावल्या होत्या की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "तेरवीले बी तुमी भरल्या पोटीच आले होते, भाचेबुवा."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "नाही मामी, तेरवीला तर मी..."

"घरूनच लिहून घेऊन आले. मले एका शब्दानं इचारलं नाई." त्यांनी मान वर न करता हातानं फ्रेमकडे दाखवलं. "ताटावर ध्यान लावून बसत म्हने. ताट तं मी वाढो ना. मले इचाराचं होतं, मामा कसे जेवत. मी सांगतलं असतं. नात वाचून दाखवते मले ते, तं मी म्हनते, बाई, हे कोन्या घरचे मामा होयेत?"

माझ्या लिहिण्यावर आजवर बरंच बोललं गेलंय. संपादकांनी लांबी कमी करा म्हटलं, शाळेतल्या सहकाऱ्यांनी छान म्हटलं, एकानं आध्यात्मिक उंची म्हटलं. पण मी लिहायला भरल्या पोटी बसतो हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते अगदी तसंच आहे. माणसाबद्दल काय म्हणायचं ते माझं आधीच ठरलेलं असतं. माणूस आपला नंतर येतो आणि त्याला बसायला जागा उरत नाही.

"काढून टाकतो ती फ्रेम," मी म्हटलं.

"ते मंगच्या मंग. आता उठू नोका. हळूहळू जेवा, मले काई घाई नाई." मग त्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुमी सगळे जेवून घ्या. याहीचा पयला घास झाला. याहीले टाईम लागते."

मी त्या पाटावर दोन तास बसलो. आयुष्यात इतका वेळ एका ताटासमोर बसलो नाही. दर थोड्या वेळानं एक लहान घास घ्यायचा, आणि मधल्या वेळात मामी बोलायच्या. मी विचारलं फार थोडं. तोंडात घास असल्यामुळे मला मधे बोलता येत नव्हतं, आणि मामींना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, याचा अर्थ यापूर्वी मीच बोलत असणार.

त्यांनी सांगितलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायांनी दोघांना शेजारी बसवून घास भरवायला लावला. मामींनी उखाणा घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यात बल्ब पेटला. "मी डोये मिटून उखाना घेऊन राहिली, लाजेनं. नाव घेतलं, डोये उघडले, तं पाट रिकामा. बाया पदर तोंडात धरून हासून राहिल्या. तो घास मंग मी माह्याच तोंडात टाकला."

बायको स्वयंपाकघरातून जेवता जेवता हसली. मामीही हसल्या.

मग सांगितलं, की पहिली काही वर्षं त्या उरलेलं ताट फडक्यात बांधून त्यांच्यामागे बगीच्यात नेत असत. "जाऊन पाहे तं मोटर सुरू करून हा मानूस धुऱ्यावर बसून. काईच नाई करून राहिला. नुसता पान्याकडे पाहे. येका झाडाचं आयं भरे, मंग दुसऱ्याचं, मंग तिसऱ्याचं. शेवटच्या झाडाचं आयं भरे ना, तवा उठे. मी बाजूले ताट घेऊन उभी हावो, तं त्याईले पत्ता बी नसे." सगळ्या झाडांची आळी भरून झाली की मामा त्या धुऱ्यावरच, म्हणजे बांधावर, त्यातले चार घास खायचे. मग लेकरं झाली, घर सोडून ताट घेऊन जाणं जमेना, ते बंद पडलं.

मी घास घ्यायचा विसरलो. म्हणजे ध्यान होतं. माझ्या फ्रेममधला शब्द खोटा नव्हता, मी तो चुकीच्या जागी बसवला होता. चार पावलं चालून बगीच्यात गेलो असतो तर बरोबर जागी सापडला असता. हे लिहून ठेवावं म्हणून मी डाव्या हातानं खिशातला पेन चाचपला.

"लिहून नोका राहू," मामी म्हणाल्या. "जेवा."

शेवटचं त्यांनी फार कमी शब्दांत सांगितलं. मामा आजारी पडल्यावर महिनाभर खाटेवर होते. खाटही दाराकडे तोंड करूनच टाकायला लावली. मामी चमच्यानं पेज भरवत. "बल्ब पेटला का तिकडे पाहे. उठता तं येत नव्हतं. मंग तोंडच मिटून घे. मी चमचा घेऊन बसून राहो, लाईन जायेपर्यंत."

मामेभाऊ बगीच्यातून परत आला, पाय धुतले, आत जाऊन जेवायला बसला. मी कढी-भात संपवला. वडे संपवले. दुपारचे दीड वाजले असतील. ताटात अर्धी पुरणपोळी उरली. मी तिला हात घातला. पोटात जागा नव्हती, पण आता पोटाचा प्रश्नच नव्हता. एवढं करायचंच असं मी ठरवलं होतं.

मामींनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"राहू द्या तेवढं."

"नाही मामी, खातो मी. पुरं करतो."

"नोको." त्या अर्ध्या पोळीकडे पाहत होत्या. "सगयं पुरं करून गेले तं मले ओयखू नाई येनार, कोन जेवून गेलं ते."

त्या ताट घेऊन आत गेल्या. पोळीचं त्यांनी काय केलं मला माहीत नाही. मी हात धुतले आणि स्टुलावर चढून फ्रेम काढली.

"दादा, लॅमिनेशन केलं आहे त्याचं," मामेभाऊ जेवता जेवता म्हणाला, जणू लॅमिनेशन केलेली गोष्ट खोटी असूच शकत नाही.

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.

मामी आतून म्हणाल्या, "काढू दे. पन खाली रिकामं दिसन."

"दुसरं लिहून देतो, मामी."

"इचारून लिहा."

ते दुसरं लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिलं एका तासात झालं होतं. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे फळ्याचा सुविचारही नव्हता, ती एक मोठीच मदत झाली. रोज सकाळी एक-दोन वाक्यं लिहायचो आणि मामींना फोनवर वाचून दाखवायचो. मामींच्या दुरुस्त्या साध्या असत. मी लिहिलं की झोपडीवर लाल बल्ब होता. त्या म्हणाल्या, लाल मागाहून आला, पयले पिवया होता, पन दिवसा दिसे नाई. मी लिहिलं, मामांनी पाण्यावर प्रेम केलं. त्या म्हणाल्या, "प्रेम काय, पानी पाहे. तेवढंच लिहा." मी लिहिलं, ते रागीट नव्हते. त्या म्हणाल्या, "कढी थंडी असली का वाटी सरकवून दे. बोले नाई. पन सरकवून दे." मी रागीट खोडलं आणि वाटी लिहिली.

या तीन आठवड्यांत पेपरातला लेख राहून गेला. जेवणाच्या भानावरचं ते पहिलं वाक्य अजून वहीत आहे. ते वाईट नाही. पण मी ते वाचतो तेव्हा ते लिहिणारा माणूस कधी जेवलाय असं काही वाटत नाही. संपादकांचा फोन आला तर मी तब्येत बरी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, पोट. ते खरं सांगण्याची तेव्हा माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून इथे सांगतो आहे.

अशी मोठी शिकवण मिळून मी बदललो असं कोणी समजू नये. परवाच शाळेत एका निवृत्त होणाऱ्या शिपायाचं मानपत्र लिहिताना तिसऱ्या ओळीला कर्मयोगी हा शब्द आला. इतकंच की आता मी तो शब्द तसाच ठेवून त्या माणसाकडे गेलो आणि विचारलं, घंटा वाजवताना तुम्ही काय बघता. तो म्हणाला, मुलांच्या पायांकडे, कोण आधी पळतं ते. कर्मयोगी मग आपोआप गळाला. पण आधी आला होता, हेही खरं.

मामांवरचा मजकूर शेवटी अर्ध्या पानाचा झाला. त्याचं पहिलं वाक्य आहे, "मामा जेवायला दाराकडे तोंड करून बसत." शेवटचं वाक्य शेवटच्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचण्याबद्दल आहे. मधे अर्धं टाकलेलं ताट आहे, उखाणा आहे, सरकवलेली वाटी आहे. शांत, तृप्त, संतवृत्ती यातला एकही शब्द नाही. मामेभावाच्या मोबाइलवर पाठवला. नातीनं मामींना दोनदा वाचून दाखवला. संध्याकाळी मामींचा फोन आला. म्हणाल्या, "हाव. हे होयेत." आणि मग, "टांगू द्या याले."

मी हे बायकोला सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, द्या इकडे, मीही वाचते. माझं लिहिलेलं ती सहसा छापून आल्याशिवाय वाचत नाही, आणि छापून आल्यावर वेळ नसतो. हात पुसून तिनं कागद घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि पूर्ण वाचला. मला वाटलं काही तरी बरं बोलेल. तिनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या.

"माझ्यावर लिहायचं असलं ना," ती म्हणाली, "तर मी असतानाच लिहून घ्या. नंतर कोणाला फोन लावून विचारणार आहात?"